धरमसिंगच्या नऊ कमानी

किन्हीराजाले गोजराबाई अभ्यासिका हाय. तिच्या गोल छताचे लोकं आजकाल फोटो काढतेत अन् मंग मेडशी फाट्यावर माह्या दुकानात येऊन इचारतेत, "विकासभाऊ, कोणत्या मशीनवर केलं?" माहं डोकंच फिरते. अरे बावा, माह्याकडं तीन रुळाचं एक मशीन हाय. ते मी अकोल्याहून भंगारातून उचललं अन् त्याचा दांडा अजूनही हातानं फिरवा लागते. ते काय वाकवणार हाय? वाकवते तो धरमसिंग. पण माणसाचं नाव सांगतलं की लोकायले मजा येत नाही, त्यायले मशीनचंच नाव पाहिजे.

म्हणून आज सारं सांगून टाकतो. यात माही इज्जत जाते, पण जाऊ द्या.

धरमसिंग आमच्या बाजूच्या तांड्यावरचा. वय पन्नास-बावन असंन, त्याले सोताले पक्कं माहीत नाही. अंगानं वाळकुडा, बोलणं कमी, अन् चहात साखर भल्ली. दसरा झाला की तो अन् त्याची बायको सोनीबाई ऊसतोडीले जात अन् होळीच्या आसपास वापस येत; उरलेले महिने तो माह्या दुकानात काम करे. बावीस वर्ष असंच चाललं. मधात एक वर्ष तो पुण्याकडं एका फॅब्रिकेशनच्या शेडमधी लागला होता. तिथं मोठमोठ्या हॉलच्या छताखालच्या गोल कैच्या बनवत. साहेब लोकं कागद घेऊन उभे राहत अन् हा दांडा फिरवत राहे. कागद त्याले समजत नव्हता. पण पाइप रुळातून निंघताना कुठं थांबते अन् कुठं मांगं सरते, हे त्यानं तिथं डोळ्यात भरून घेतलं.

मले पहिल्यांदा त्यानंच समजावलं. लोखंड वाकवलं अन् सोडलं की ते जरासं उघडते. म्हणून पाहिजे त्याच्यापेक्षा थोडं जास्त वाकवा लागते. किती जास्त, हे पाइपावर हाय, त्याच्या जाडीवर हाय, उन्हावर हाय. मी म्हणलं, "मंग हिशोब काय याचा?" तर म्हणते, "हिशोब नाही, भाऊ. त्याले सोडायचं अन् पाहायचं." मले राग आला होता. आपण आयटीआय केलेला माणूस, अन् हा मले पाहाले शिकवून राह्यला.

लहान कमान असली तर तो पाइपात वाळू भरून, भट्टीवर तापवून वाकवे, म्हणजे पाइप चपटत नाही. ती वाळू कोरडी ठक्क पाहिजे. जरा ओल राह्यली तर आत वाफ होते अन् पाइपाच्या तोंडातला लाकडाचा बुच बंदुकीवानी उडते. म्हणून वाळू भाजाचं काम सोनीबाईचं. लोखंडी कढईत ती फुटाणे भाजल्यासारखी वाळू भाजे अन् चिमूट उचलून गालाले लावून पाहे. एकदा मी म्हणलं, "सोनीबाई, चाखून पाहा ना." तर म्हणे, "पहिला घास तुमाले, भाऊ." अशी बाई.

पण माह्या दुकानात गोल काम वर्षातून दोन-तीनदा येई. बाकी सारं खिडक्या, गेट अन् ट्रॉलीचे पत्रे. त्याच्यावर एका माणसाचं वर्ष निंघत नाही. म्हणून दसरा आला की धरमसिंग गाठोडं बांधे. मले वाईट वाटे, पण मी काही कराचो नाही. खरं सांगतो.

मांगल्या वर्षी किन्हीराजाच्या नानाजीनं आपल्या मायच्या नावानं अभ्यासिका बांधाले काढली. नानाजी मोठे शेतकरी, मन मोठं, तोंड त्याच्याहून मोठं. नकाशा काढला वाशीमच्या योगिनीताईनं. शिकलेली पोरगी, पण धुळीत बसते, पाय पसरून. तिनं छत गोल काढलं होतं. चाळीस फुटाची रुंदी, मधात दहा फूट उंची, तीन इंची पाइपाच्या नऊ कमानी, त्याच्यावर लांब आडव्या पट्ट्या अन् त्याच्यावर पत्रा. कमानी आतून उघड्या दिसणार, वरून झाकाचं काही नाही. जे वाकडं, ते साऱ्यायले दिसणार.

ती दुकानात आली, धरमसिंगनं वाकवलेला एक तुकडा हातात घेऊन पाह्यला अन् म्हणाली, "हे काम नीट झालं तर माह्याकडं अजून दोन हॉल हायत, एक कामरगावले. वर्षभर पुरंन."  संध्याकाळी जाता जाता धरमसिंग मले म्हणे, "भाऊ, यंदा संगीता दहावीत हाय."

संगीता त्याची लहान पोट्टी. आतापर्यंत माय-बाप उसाले गेले की ती आजीपाशी राहे. आजी उन्हाळ्यात वारली. मोठा पोरगा रविकांत सासरकडं सुरतेले गेलेला. घरी कोणी नाही. म्हणजे यंदा माय-बाप गेले तर पोट्टीलेही उसात न्या लागंन, अन् दहावी गेली. अन् हे काम जमलं तर कोणालेच जा लागत नाही. एवढंच होतं सारं. मले तवापासूनच माहीत होतं.

गोल काम कराचं तर पहिले जमिनीवर कमानीची पूर्ण मापाची रेघ मारा लागते. वाकवलेला पाइप त्या रेघेवर ठेवून पाहायचा, कमी-जास्त कराचा. रेघ खरी तर काम खरं. दुकानाच्या मांगं आमचं सिमेंटचं खळं हाय, सोयाबीन वाळवाले केलेलं. तिथं धरमसिंगनं मधात खुटी ठोकली, पंचवीस फुटाची लोखंडी तार बांधली अन् तार ताणून अर्धी कमान काढली. ऑइलपेंटची रेघ, केसाएवढा फरक नाही. तो दिवस तांड्यावर तीजचा होता. पोरी टोपल्यात गहू पेरतेत, दहा दिवस त्याले पाणी घालतेत, गाणे म्हणतेत, अन् शेवटच्या दिवशी ते पाण्यात सोडतेत. संगीताची टोपली होती त्यात. दुपारी बारा वाजता धरमसिंग म्हणे, "मी जाऊन येतो. बाकीची अर्धी उद्या काढू. मी आल्याशिवाय हात लावू नका." तार गुंडाळून त्यानं आपल्या पेटीत ठेवली, कुलूप लावलं अन् गेला.

आता माहा स्वभाव ऐका. मले दम नाही. बायको वैजयंती म्हणते की हा माणूस भात शिजाच्या आधी झाकण चारदा उघडते. पेंटचा डबा उघडा, माणूस रिकामा बसलेला, अन् आभाळ भरून आलेलं. मी म्हणलं, दोरच तर धराचा हाय. विहिरीवरचा नायलॉनचा दोर आणला, पंचवीस फूट मोजला, खुटीले बांधला अन् मारली रेघ. अर्ध्या घंट्यात. मंग हात पुसून चहा पेलो.

नायलॉन ताणते. हे तांड्यावरचं लहान लेकरूही सांगंन. जिथं मी जोरानं ओढला तिथं रेघ बाहेर गेली, अन् शेवटी पायाची खूण गाठाले मी हात ढिला सोडला तर ती आत आली. दोन्ही पाय बरोबर जागेवर, मधली उंची बरोबर, पण माह्या बाजूचा खांदा चार बोटं फुगलेला. उभ्या माणसाले ते दिसत नाही. मलेही दिसलं नाही, अन् मी पाह्यलंही नाही.

दुसऱ्या दिवशी धरमसिंग आला, रेघ पाह्यली, खाली वाकला, पुन्हा उभा राह्यला. "भाऊ, कशानं काढली?"

"तारेनंच. माह्यापाशी दुसरी होती."

खोटं. कायले बोललो, आजही समजत नाही. रागवंन म्हणून असंन, नाही तर मालकपणा असंन.

त्यानं दोन कमानी केल्या अन् मंग म्हणे, "भाऊ, ह्या अंगानं डोळ्याले काहीतरी बोचून राह्यलं." मी दुसऱ्या गिऱ्हाइकात होतो. म्हणलं, "तुले वहम झाला, धरमसिंग. डोळे तपासून घे एकदा, वेल्डिंगनं गेले असतीन."  पुढच्या सात कमानी त्यानं रेघेवर बोट ठेवून केल्या, वरून एक डाव पाहाचा अन् मंग रेघेलेच मानाचा. नऊच्या नऊ कमानी एकसारख्या. खरंच एकसारख्या, साऱ्यायचा एक खांदा फुगलेला.

दसरा होऊन गेल्यावर कमानी उभ्या केल्या. दोन्ही बाजू सारख्याच समजून कोणती इकडून लावली, कोणती तिकडून. आडव्या पट्ट्यायले वेल्डिंगचे नुसते टाके मारले होते. गुरुवारी योगिनीताई आली. एका टोकाले उभी राहून तिनं एक डोळा मिटला अन् पट्टीच्या रेषेत पाह्यलं. पट्टी लाटेवानी जाऊन राह्यली होती. एका कमानीवर वर, दुसऱ्या कमानीवर खाली.

तिनं मोजलं. म्हणाली, "चार बोटं. पाच कमानी इकडून फुगल्या, चार तिकडून. हे वाकवणं सारखं नाही झालं, विकासभाऊ. यावर पत्रा बसणार नाही. मले नव्या कमानी बाहेरून, मोठ्या मशीनवर कराव्या लागतीन." ती रागवली नाही, तिले वाईट वाटलं होतं. नानाजी मात्र सुरू झाले, "मी पहिलेच म्हणलं होतं, तांड्यावरच्या माणसाचं हे काम नव्हे. ऊस तोडते तो, त्याले कोयता द्या."

मी तिथंच उभा होतो. पाच इकडं, चार तिकडं, हे ऐकलं त्याच क्षणी मले सारं समजलं. दोर, खळं, चहा, सारं.  साऱ्या तालुक्यात माह्या दुकानाचं नाव, अन् नानाजीच्या तोंडून ते गावोगाव जाणार. मी बोललो नाही.

बोलला धरमसिंग, शिडीवरून. टोपी काढून म्हणे, "माह्याच हातानं वाकले, ताई. चूक माहीच हाय. भाऊले काही म्हणू नका." अन् खाली उतरून, अवजारं थैलीत टाकून, एसटीची वाट न पाहता पायीच निंघाला.

शुक्रवारी दुपारी सोनीबाई दुकानात आली. उभीच राह्यली. "भाऊ, एखादी जुनी ताडपत्री असंन तर द्या. तिकडं खोपीवर टाकाले. मांगल्या वर्षीची फाटली, अन् यंदा पोट्टी संगं हाय, ओल्यात कशी झोपंन."

"कवा निंघता?"

"रविवारी ट्रक हाय. संगीताच्या बापूनं आज शाळा सोडाच्या दाखल्याचा अर्ज देला. पोट्टी कालपासून जेवली नाही." मंग म्हणे, "तुमीच म्हणले होते ना त्यायले, डोळे तपासून घे. ते तेच धरून बसले. म्हणतेत आता मले वाकडं-सीधं दिसत नाही, आता कोयताच बरा. चष्मा लावून होईन का काही, भाऊ?"

मशीनवर ताडपत्री होती. मी ती ओढून काढली अन् तिच्या हातात द्याले गेलो, अन् मले जमलंच नाही. मी रडलो. सत्तेचाळीस वर्षाचा बाप्या, भर दुपारी, ग्रिलच्या ढिगाऱ्यात उभा राहून. ती बाई घाबरली, तिले वाटलं घरी काही झालं. मी म्हणलं, "ताडपत्री नाही भेटत. चल, तुह्या नवऱ्याकडं चल."

तांड्यावरून मोटरसायकलवर दोघायले घेऊन आलो. धरमसिंग येत नव्हता, मी हातच धरला. खळ्यावर नेलं. म्हटलं, "पेटीतली तार काढ." त्यानं काढली, खुटीले बांधली, अन् पंचवीस फुटावर धरून रेघेवरून चालू लागला. आपली अर्धी चालला, तार रेघेवर बरोबर. मधल्या उंचीवरून पुढं गेला, अन् रेघ तारेले सोडून बाहेर निंघाली. एक बोट, दोन बोटं, चार. त्यानं तिथं हात ठेवला अन् खालीच बसला.

मी सांगतलं. नायलॉनचा दोर, तीजचा दिवस, खोटं बोललो ते, अन् काल गप्प राह्यलो तेही. माहं सारं झाल्यावर म्हणलं, "चुकलं माहं, धरमसिंग."

बावीस वर्षात मी त्या माणसाचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. त्या दिवशीही तो चढला नाही. "चूक होते, भाऊ. दोर ताणते. काल बोलले नाही, तेही समजून घेतो, मोठ्या लोकायसमोर तोंड बंद होते. पण मी म्हणलं होतं तुमाले, डोळ्याले बोचते. तुमी मले वहमी म्हणलं. मी तुमचं खरं मानलं अन् माह्या डोळ्याचं खोटं मानलं. दोन महिने मी घरी भाकरही पाहाचो तर गोल हाय का नाही, समजे नाही. सोनीबाईले इचारो. हे कायले केलं तुमी?"

  सोनीबाई पदर तोंडाले लावून भिंतीकडं पाहत होती.

थोड्या वेळानं तोच उठला. रेघेभोवती एक चक्कर मारली, थांबला, बोटावर मोजलं. म्हणे, "नव्या कमानी कराची गरज नाही. साऱ्यायचा तोच खांदा फुगला हाय. चार कमानी उलट्या फिरवा. साऱ्यायचं तोंड एका अंगानं झालं की पट्टी सरळ जाते. छत एका बाजूनं चार बोटं भरलेलं राहीन, ते कोणाच्या बापाले दिसत नाही."

मी तिथूनच योगिनीताईले फोन लावला अन् सारं सांगतलं, नायलॉनसकट.  ती म्हणाली, "उद्या सकाळी येते. अन् नानाजीले हे तुमीच सांगा, माह्यासमोर." शनिवारी सांगतलं. नानाजी मले दहा मिनिटं बोलले, त्यातलं काही छापाजोगं नाही. पण बोलून झाल्यावर ते धरमसिंगपाशी गेले अन् म्हणाले, "कोयत्याचं मी चुकीचं बोललो." धरमसिंग शिडीवर होता. "पाना द्या, नानाजी," एवढंच म्हणे, अन् नानाजीनं पाना देला.

टाके तोडून, चेनपुलीनं उचलून, चार कमानी फिरवल्या. रविवारी दुपारी तीन वाजता आडवी पट्टी पुन्हा बसवली. योगिनीताईनं टोकाले उभं राहून डोळा मिटला अन् मंग धरमसिंगले म्हणाली, "तुमी पाहा." तो बराच वेळ उभाच राह्यला. एक डोळा मिटून, मंग दुसरा मिटून. मंग मान हलवली. कामरगावच्या हॉलचं तिनं तिथंच पक्कं केलं, त्याच्यासंगं, मले न इचारता. बरोबरच केलं तिनं.

संध्याकाळी ट्रक फाट्यावर येऊन थांबला. तांड्यावरचे अकरा घरं चढले, लेकरं, गाठोडे, कोंबड्या, सारं. धरमसिंग खाली उभा राहून आपल्या भावाचे गाठोडे वर देत होता. ट्रक गेला अन् ते दोघं नवरा-बायको माह्या दुकानावरून घरी गेले. माह्याकडं त्यानं पाह्यलं नाही.

सोमवारी मी दुकान उघडलं. दहा वाजले तरी तो नाही. मले वाटलं, गेला हा आपल्या हातचा. साडेदहाले आला, धुतलेला सदरा घालून. अवजाराले हात न लावता म्हणे, "शाळेत चला. दाखल्याचा अर्ज वापस घ्याचा हाय. हेडमास्तर इचारतीन काहून, तर ते मी नाही सांगणार. तुमी सांगा."

गेलो. हेडमास्तर भले माणूस, अर्ज त्यायनं मुद्दाम सही न करता ठेवला होता. त्यायनं शिपायाले पाठवून संगीताले वर्गातून बोलावलं. ती दारात येऊन उभी राह्यली, दोन वेण्या, हातात भूमितीचं पुस्तक. मी खुर्चीवर बसलोच नाही. उभ्यानं सांगतलं. रेघ मी चुकवली, खोटं मी बोललो, अन् हिच्या बापाचे डोळे गेले हेही मीच त्याच्या डोक्यात घातलं. हेडमास्तर पेन हातात धरून ऐकत होते. धरमसिंग खिडकीतून बाहेर पाहत होता.

संगीतानं बापाकडं पाह्यलं नाही, माह्याकडं पाह्यलं. म्हणे, "मंग बापूचे डोळे खराब नाहीत?"

"नाहीत, बेटा," मी म्हणलं. तिचा भरोसा बसलेला दिसला नाही, म्हणून पुन्हा म्हणलं, "नाहीत."